आपली आपण उभी राहणारी बॅग

"त्यात काय एवढं? असली बॅग मी घरी बसून करून दाखवीन!"

हे वाक्य फोटोताईंनी रविवारी दुपारी, भरल्या पोटी आणि साक्षीदारांसमोर उच्चारलं. मनातल्या मनात म्हणाल्या असत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मनातल्या मनात बोलणं हा फोटोताईंचा स्वभावच नव्हे!

फोटोताईंचं खरं नाव हॉस्पिटलात आता कुणालाच आठवत नाही. त्या एक्सरे काढतात. पेशंट एक्सरेला फोटो म्हणतात, म्हणून त्या फोटोताई. वीस वर्षं माणसांचे आतले फोटो काढून त्यांचं असं झालंय, की कुठलीही वस्तू नुसती बाहेरून बघून त्यांना चैनच पडत नाही. आत काय असेल? कसं बसवलं असेल? घरात नवीन मिक्सर आला, की दुसऱ्या दिवशी त्याचे स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले दिसायचे. नवरा भूगोलाचा मास्तर. तो म्हणायचा, "पृथ्वीच्या पोटात काय आहे ते मी मुलांना शिकवतो खरा, पण हिच्या हाती पाना सापडला तर ही प्रत्यक्ष उघडून बघेल!"

तर त्या रविवारी वन्सं जेवायला आल्या होत्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्या खांद्याला ती बॅग होती, आजवर फक्त लग्नाकार्यालाच कपाटाबाहेर निघालेली. खऱ्या कातड्याची, विटकरी रंगाची, आणि जिचं नाव उच्चारताना ओठांचा चंबू करावा लागतो अशा कंपनीची. वन्संनी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली, हात काढून घेतला आणि बॅग उभीच राहिली!

तुम्ही म्हणाल, त्यात विशेष काय? विशेष हे, की फोटोताईंची स्वतःची बॅग खाली ठेवली की चक्कर आल्यासारखी बसायची आणि मग हळूहळू आडवी व्हायची. ही मात्र ताठ! आत ना पाकीट, ना डबा, वन्संनी सगळं बाहेर काढून ठेवलेलं, तरी ही आपली मुख्याध्यापिकेसारखी उभी. फोटोताईंचा घास हातातच राहिला.

"आत काय घातलंय हिच्या?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. कारागिरी आहे," वन्सं म्हणाल्या. "असलं काम घरी होत नसतं, वहिनी."

आणि मग ते वाक्य आलं.

"करच मग!" वन्सं हसून म्हणाल्या. "तू केलीस आणि ती अशी उभी राहिली, तर मी स्वतः ती खांद्याला लावून ऑफिसात जाईन. ही घरी ठेवीन."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "सूनबाई, तिला सांग, दुसऱ्याला शब्द देताना जरा विचार करावा. दिलेल्या वस्तू जिला सांभाळता येत नाहीत, तिने शब्द तरी कशाला द्यावा?"

"वहिनी, आईला सांग," वन्संनी आतल्या खोलीकडे पाठ करून उत्तर दिलं, "की मी दोन्ही परत दिली होती. दोन्ही!"

फोटोताईंनी कुणालाच काही सांगितलं नाही. दोघींमध्ये अंतर सात पावलांचं होतं आणि दोघींचेही कान उत्तम होते. पण गेले पाच महिने मायलेकी एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या. एका लग्नाला जाताना वन्संनी आईची कानातली मागून नेली होती. सासूबाईंच्या आईची, सात खड्यांच्या फुलांची जोडी. परत आलेली डबी सासूबाईंनी उघडली, तर आत एकच फूल! वन्सं म्हणाल्या, मी दोन दिली. सासूबाई म्हणाल्या, मला एक मिळालं. तेव्हापासून वन्सं दर रविवारी यायच्या, जेवायच्या, आणि मायलेकींचं सगळं बोलणं फोटोताईंच्या डोक्यावरून इकडून तिकडे जायचं.

असो. आपण बॅगेकडे येऊ.

फोटोताईंनी चामड्याच्या दुकानातून मऊ, काळं कातडं आणलं. मेण लावलेला दोरा आणला, आरी आणली, अस्तराचं कापड आणलं. आठ दिवस स्वयंपाकघराच्या ओट्यावर पोळपाटाऐवजी कातडं! नवऱ्याने एकदा भाजी समजून अस्तराचे तुकडे फ्रीजमध्ये ठेवले. आरीने भोकं पाडता पाडता फोटोताईंच्या अंगठ्यालाही दोन पडली. सगळ्या घराला रबर सोल्यूशनचा वास सुटला. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अगं, बॅग करतेस की बूट उकळतेस?"

शेवटी बॅग झाली. टाके एकसारखे, पट्टा मजबूत. फोटोताईंनी ती टेबलावर ठेवली. हात काढला.

बॅग एक क्षण उभी राहिली. मग तिचे खांदे पडले, मग पोट पुढे आलं आणि ती जेवण जास्त झालेल्या पाहुण्यासारखी एका कुशीवर लवंडली.

"छान आहे," नवरा म्हणाला. "उशी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला जाताना फोटोताई ती उशी घेऊन कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडे गेल्या. काकांनी ती उलटी केली, सुलटी केली, टाके बघून मान डोलावली आणि खाली ठेवली. बॅग झोपली.

"शिवण झकास आहे ताई," काका म्हणाले. "पण अंगात हाडच नाही, तर उभी राहील कशी?"

"हाड? बॅगेला?"

"मग! आत काहीतरी घालतात. पुठ्ठा घालतात, तार घालतात, कुणी पत्रा घालतं. कुठे काय घालायचं ती ज्याची त्याची अक्कल. वरून नाही दिसायचं. एक बॅग उसवा, मग कळेल."

त्या संध्याकाळीच फोटोताई वन्संच्या दारात उभ्या. "वन्सं, तुमची बॅग दोन दिवस द्या ना. फक्त बघायला."

वन्संनी बॅग छातीशी धरली. "फक्त बघायला? माझं भिंतीवरचं घड्याळ असंच नेलं होतंस. टिकटिक कुठून येते ते बघते म्हणालीस. परत दिलंस तेव्हा तीन चाकं वेगळी, पुडीत बांधून!"

"पण चालतंय ना?"

"चालतंय! उलटं!"

बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर वन्सं अटींवर राजी झाल्या. टाका उसवायचा नाही. सुई, कात्री, ब्लेड यांतलं काही तिच्याजवळ न्यायचं नाही. अस्तर ओढायचं नाही. फोटोताईंनी तीन वेळा शब्द दिला, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला, हे आधीच सांगून ठेवतो. एका टाक्यालाही त्यांनी बोट लावलं नाही.

पण घरी आल्यावर त्या बॅगेसमोर बसून राहिल्या. दाबून बघितली. कुठेतरी कडक, कुठेतरी मऊ. कानाशी धरून हलवली. काही वाजेना. बॅटरी आत सोडून बघितली, तर नुसतं अस्तर. हाड आत आहे हे नक्की! कुठे आहे, किती आहे? पेशंटला न कापता त्याचं हाड बघायचं, तर काय करतात?

फोटोताईंच्या डोळ्यांत अशी काही चमक आली, की समोर वही तपासत बसलेला नवरा घाबरून म्हणाला, "काय झालं? मी काही केलं का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, सकाळचे पेशंट संपले आणि जेवायची सुट्टी झाली, तेव्हा फोटोताईंनी एक्सरेच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि वन्संची बॅग टेबलावर निजवली. सवयीने तिच्या डोक्याखाली उशीही देणार होत्या.

आता या नव्या मशीनचं असं आहे, की पेशंटची माहिती भरल्याशिवाय ते हलतच नाही. नाव? फोटोताईंनी लिहिलं, 'वन्सं'. वय? मशीनला आकडा हवा. बॅगेचं वय त्यांना माहीत नव्हतं, वन्संचं माहीत होतं. बावन्न. स्त्री की पुरुष? स्त्री. फोन नंबर? वन्संचा तोंडपाठ होता. शरीराचा भाग? यादीत हात, पाय, गुडघा, मान, छाती, पोट. बॅग कशात बसते? फोटोताईंनी बराच विचार केला आणि 'पोट' वर बोट ठेवलं. नंतर सगळं पुसून टाकायचंच होतं, मग काय फरक पडतो?

समोरून एक फोटो. कुशीवर वळवून एक. आणि पडद्यावर जे दिसलं ते पाहून फोटोताई अक्षरशः टाळी वाजवून हसल्या. काय सुंदर रचना! तळाला दुहेरी पट्टी. दोन्ही बाजूंना कडेकडेने वळत गेलेल्या बारीक तारा, थेट बरगड्यांसारख्या. तोंडाशी चेन, तिच्या दातांची ओळ कशी स्वच्छ! वीस वर्षांत इतका नीटनेटका सांगाडा त्यांनी कुणा माणसाचाही बघितला नव्हता. त्यांनी भराभर मापं वहीत उतरवली आणि ते दोन्ही फोटो पुसून टाकले.

मग वाटलं, तळाच्या कोपऱ्यात पट्टी कशी वळवली असेल? तेवढा एक कोपरा जवळून बघू.

तिसरा फोटो पडद्यावर आला आणि फोटोताईंचं हसू जागच्या जागी थांबलं. कोपऱ्यात, अस्तर आणि कातडं यांच्या मध्ये, पांढरंशुभ्र, लखलखीत एक फूल होतं. त्यांनी खडे मोजले. सात.

दारावर धाडधाड थापा पडल्या. "फोटोताई! मनगट आहे! लवकर!"

जिन्यावरून पडलेले एक आजोबा आणि त्यांच्याबरोबरचे सहा जण एकदम आत घुसले. फोटोताईंनी बॅग टेबलाखाली सरकवली, पडद्यावरचं चित्र झटक्यात बंद केलं आणि आजोबांचा हात हातात घेतला. बंद केलं म्हणजे फक्त बंद केलं. पुसायचं राहिलं. आणि या मशीनचा दुसरा गुण असा, की बंद केलेला फोटो ते अतिशय प्रामाणिकपणे डॉक्टरांच्या पडद्यावर पाठवून देतं.

पुढचे दोन तास फोटोताईंच्या हाताने गुडघे आणि खांदे टिपले, पण डोकं एकाच प्रश्नाशी झुंजत होतं. वन्संना सांगायचं कसं? 'कानातलं तुमच्याच बॅगेत आहे' म्हटलं, की त्या विचारणार, 'तुला कसं कळलं?' हाताला लागलं म्हणावं, तर ते तळाच्या पट्टीखाली असं रुतलेलं, की दाबूनही लागत नव्हतं. वाजलं म्हणावं, तर वाजत नव्हतं. स्वप्नात आलं म्हणावं, तर आपल्याला स्वप्नं पडत नाहीत हे त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं! आणि खरं सांगावं, तर हॉस्पिटलच्या मशीनवर बॅग निजवली म्हणून नोकरीवरच गदा यायची.

तिकडे हाडांचे डॉक्टर दोन प्लास्टरच्या मधल्या पाच मिनिटांत फोटो बघत बसले होते. हे डॉक्टर आठवड्यापूर्वीच रुजू झालेले. हुशार, तरुण, आणि एकही गोष्ट नजरेतून सुटू नये म्हणून धडपडणारे. पोट हा काही त्यांचा प्रांत नव्हता. पण त्यांनी पाहिलं, स्त्री, वय बावन्न, पोट, आणि पोटात दागिना! त्यांनी रिसेप्शनवरच्या बाईंना फोन लावला. "या पेशंटला ताबडतोब बोलवा. आणि सांगा, येईपर्यंत काही खाऊ नका!"

फोटोताई हातातलं काम संपवून बाहेर आल्या, तर समोर बाकावर वन्सं! चेहरा पांढराफटक, दोन्ही हात पोटावर.

"वन्सं? तुम्ही इथे?"

"वहिनी!" वन्संनी त्यांचा हात घट्ट धरला. "मी आईचं कानातलं गिळलंय गं!"

फोटोताईंची नजर पटकन वन्संच्या पोटाकडे गेली.

"आत्ता डॉक्टरांनी दाखवलं. माझ्या पोटाचा फोटो! सात खडे मी स्वतः मोजले. त्या लग्नात हुक बसत नव्हता, तेव्हा मी एक दातांत धरलं असणार. आणि मग कुणीतरी हसवलं असणार!"

"पण वन्सं, तुम्ही कधी फोटो काढलात?"

"तेच तर! मला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, मशीनमध्ये नाव आहे, फोन नंबर आहे, वय आहे. मागे गुडघ्याला आले होते ना? तेव्हा तुम्ही लोकांनी पोटाचाही काढला असेल. इतके दिवस ते आत आहे वहिनी! म्हणूनच हल्ली मला जेवण जात नाही."

रविवारी वन्संनी तीनदा भात वाढून घेतला होता, पण ही काही ते काढायची वेळ नव्हती. फोटोताईंनी तोंड उघडलं. "वन्सं, ऐका, तो फोटो—"

तेवढ्यात दारातून सासूबाई आल्या! मागोमाग नवरा, शर्टाला खडूची पावडर, हातात चुकून आणलेला पृथ्वीचा गोल. वन्संनी आईला फोन केला होता. पाच महिन्यांनी.

सासूबाई तरातरा लेकीपर्यंत गेल्या. आता काय होतंय म्हणून फोटोताईंनी डोळे मिटले. पण सासूबाईंनी लेकीचं डोकं पोटाशी धरलं.

"वेडे," त्या म्हणाल्या, "मी पाच महिने तुझ्याशी बोलले नाही, आणि तू बिचारी ते पोटात घेऊन हिंडत होतीस!"

"आई, मी मुद्दाम नाही गं गिळलं!"

"जळो ते कानातलं! तू बरी हो. दुसरंही देते तुला. तेही गिळ हवं तर!"

दोघी गळ्यात गळे घालून रडायला लागल्या. बाकावरचे पेशंटही डोळे पुसायला लागले. आजोबांनी चांगल्या हाताने सासूबाईंना रुमाल दिला. आणि फोटोताई मधोमध उभ्या! आता खरं सांगायचं म्हणजे ही गळाभेट मोडायची. न सांगायचं म्हणजे... पण न सांगून चालणार किती वेळ?

"फोटोताई," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "यांचा पोटाचा फोटो परत घ्या. दागिना पुढे सरकलाय का बघू. पहिला जरा तिरका आलाय. पाठीचा कणाच दिसत नाहीये."

पाच मिनिटांत वन्सं गाऊन घालून टेबलावर झोपल्या. जिथे काल... काल कुठलं, आजच दुपारी त्यांची बॅग झोपली होती, तिथेच. फोटोताई शिशाच्या काचेमागे गेल्या.

"श्वास घ्या," त्या म्हणाल्या. "रोखून धरा."

वन्संनी श्वास रोखला. फोटोताईंचं बोट बटनावर होतं. फोटो काढला की पोट रिकामं दिसणार. डॉक्टर म्हणणार, निघून गेलं. वन्सं सुटणार, सासूबाई खूष, नोकरी शाबूत. कानातलं नंतर कधीतरी हळूच सापडलं असतं. किती सोपं!

पण वीस वर्षांत फोटोताईंनी एक गोष्ट कधी केली नव्हती. गरज नसताना कुणाच्या अंगावर किरण टाकले नव्हते. नव्याने शिकायला आलेल्या प्रत्येकीला त्या पहिल्या दिवशी हेच सांगायच्या, 'बटन दाबायला अक्कल लागत नाही, न दाबायला लागते.' बोट बटनावरून उचललं गेलं ते आपोआपच.

टेबलावर वन्संचा चेहरा जांभळा व्हायला लागला होता.

"वन्सं, श्वास सोडा," फोटोताई काचेमागून बाहेर आल्या. "तुमच्या पोटात काही नाही."

"निघालं?"

"गेलंच नव्हतं. तो फोटो तुमचा नाही."

"मग कुणाचा?"

फोटोताईंनी वाकून टेबलाखालची बॅग काढली आणि वन्संच्या शेजारी ठेवली. बॅग ताठ उभी राहिली.

"हिचा."

वन्संनी बॅगेकडे पाहिलं. मग फोटोताईंकडे. मग स्वतःच्या पोटाकडे. "वहिनी! तू मला शब्द दिला होतास!"

"पाळला! एक टाका उसवला नाही! सुई नाही, कात्री नाही, ब्लेड नाही!"

हा आवाज बाहेरपर्यंत गेला. तो ऐकून सगळे आत आले आणि फोटोताईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. उभी राहणारी बॅग, झोपणारी बॅग, हाड, कोपरा, सात खडे. सांगून झाल्यावर त्यांनी डॉक्टरांकडे बघायचं टाळलं. डॉक्टर मात्र बॅगेकडे बघत होते.

"म्हणजे मी," ते हळू आवाजात म्हणाले, "या बॅगेला उपाशी राहायला सांगितलं?"

मग डॉक्टरांनी चिमटा आणि बारीक कात्री मागवली. वन्संच्या परवानगीने त्यांनी अस्तराचे दोनच टाके कापले. आतल्या खिशाच्या शिवणीला नखाएवढं भोक होतं, कानातलं तिथूनच खाली उतरलेलं. चिमटा आत गेला, फिरला, आणि फूल बाहेर आलं. आजोबांनी दारातून टाळ्या वाजवल्या. एका हाताने जमेल तशा.

फोटोताईंनी मात्र त्या फुलाकडे पाहिलंही नाही. त्या बॅटरी घेऊन उघड्या टाक्यांतून आत बघत होत्या. "पुठ्ठा!" त्या आनंदाने ओरडल्या. "अहो, तळाला नुसता पुठ्ठा आहे! दोन थर!"

इकडे सासूबाई कानातलं तळहातावर घेऊन उभ्या होत्या. त्यांचे डोळे हळूहळू बारीक झाले. "म्हणजे दोन दिली नव्हतीसच तू! ठेवलं बॅगेत, आणि मला पाच महिने खोटं पाडलंस!"

"मी कुठे खोटं पाडलं? भोक पडलं त्याला मी काय करू?"

"ठेवताना बघायचं!"

"तू दिलंस त्याच डबीत ठेवायला हवं होतं, पण ती डबीच उघडत नव्हती!"

"माझ्या आईच्या डबीला नावं ठेवू नकोस!"

भांडण जिन्यापर्यंत ऐकू गेलं. पण फोटोताईंच्या एक गोष्ट लक्षात आली. 'तिला सांग' नाही, 'आईला सांग' नाही. दोघी समोरासमोर, थेट, कडाकडा भांडत होत्या आणि मध्ये कुणीच लागत नव्हतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा फोटोताईंची मान मोकळी झाली.

डॉक्टरांनी बॅगेला दोन सुबक टाके घातले. मग फोटोताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "मशीन माणसांसाठी आहे, हे तुमच्याकडून लिहून घ्यायला हवं खरं तर. पण असं करू. तुम्ही बॅगेचा फोटो काढलात हे मी विसरतो. मी तिच्या पोटाचं निदान केलं हे तुम्ही विसरा."

"कुठल्या बॅगेच्या?" फोटोताईंनी विचारलं. आणि तिथल्या तिथे शेवटचा फोटो पुसून टाकला.

त्यानंतर तीन आठवडे खपून फोटोताईंनी वहीतल्या मापांवरून दुसरी बॅग केली. तळाला दोन थर पुठ्ठा, कडांना तारा, कोपऱ्याला तीच वळणं. चप्पलवाल्या काकांनी तार वाकवून दिली. फोटोत दिसली होती तशी चेन लावली, तसाच ती उघडबंद करणारा रनर बसवला. रविवारी बॅग टेबलावर ठेवली. हात काढला.

उभी!

नवऱ्याने टेबल हलवून बघितलं. उभी! सासूबाईंनी फुंकर मारून बघितली. उभी! वन्संनी शब्दाला जागून आपल्या बॅगेतलं सगळं, फोन, पाकीट, चष्मा, घराची किल्ली, नव्या बॅगेत भरलं. फोटोताई अभिमानाने फुलल्या होत्या. फक्त एक बारीकशी गोष्ट त्यांच्या आदल्याच दिवशी, शेवटचा टाका घालून झाल्यावर लक्षात आली होती. एक्सरेत वस्तू दिसते, पण ती पुढे आहे की मागे, ते एका फोटोत कळत नाही. चेनचा रनर त्यांनी बरोबर जागी बसवला होता, पण त्याची ओढायची पट्टी आतल्या बाजूला आली होती. तेवढ्यासाठी सगळी बॅग पुन्हा उसवायची? आणि उद्या रविवार!

"वन्सं," त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "ही उघडीच ठेवा हं. हल्ली अशीच पद्धत आहे. तोंड उघडं असलं की अस्तर दिसतं."

"बरं बरं," वन्सं म्हणाल्या आणि सोमवारी ती बॅग खांद्याला लावून ऑफिसात गेल्या.

सोमवारी संध्याकाळी सहा वाजता फोटोताईंचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"वहिनी, मी बोलतेय. शेजारच्या बाईंच्या फोनवरून." वन्संचा आवाज घट्ट दाबलेला होता. "बसमध्ये गर्दी होती म्हणून मी बॅगेची चेन लावली. आता ती उघडते कशी?"

फोटोताईंनी डोळे मिटले. "पूर्ण लावलीत?"

"पूर्ण! आत बोट घालून ओढत नेली आणि शेवटी बोट काढून दाबून बसवली. बाहेर काही पकडायलाच नाही! माझा फोन आत वाजतोय. चष्मा आत. मी दाराबाहेर उभी आहे!"

"मग घरात जाऊन कात्री घ्या ना."

"किल्ली आत आहे वहिनी!"

"शेजारच्या बाईंकडे कात्री असेल की. मागा."

"मागितली!" वन्सं कळवळून म्हणाल्या. "त्या देतच नाहीत! म्हणतात, एवढ्या सुंदर बॅगेला कात्री लावायला माझं मन धजत नाही!"

आता खरं तर फोटोताईंनी चप्पल घालून निघायला हवं होतं. माफी मागायला हवी होती. निदान ओशाळायला तरी. पण त्यांचा स्वभाव तुम्हाला एव्हाना माहीत झालाच आहे. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, आवाज शक्य तितका काळजीचा केला आणि विचारलं,

"हो का? अजून काय म्हणाल्या त्या?"